हेडसरांच्या छातीतली दुपार

हृदयाच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं ताईंचं ठाम मत होतं! आणि मत एकदा ठाम झालं की ते चारचौघांत बोलून दाखवायचं, हा ताईंचा स्वभाव. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, पडद्याआड त्यांचं राज्य होतं. एक उंच पलंग, ईसीजीचं एक मशीन, जेलीची बाटली आणि वायरींचा झुपका. आलेल्या माणसाला आडवं करायचं, हातापायांना चिमटे लावायचे, छातीवर रबरी फुगे चिकटवायचे, "बोलू नका, हलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या" म्हणायचं आणि कागदाची पट्टी सर्रकन बाहेर काढायची. पेशंट त्यांना 'वायरवाल्या ताई' म्हणत. ताईंना ते आवडायचं.

"माणूस खोटं बोलतो हो," ताई घरी जेवताना सांगत. "सिगारेट सोडली म्हणतो, रोज चालायला जातो म्हणतो. पण हृदय? एक अक्षर खोटं बोलत नाही. पट्टीवर सगळं ओकतं!"

"जेवताना ओकणं नको," ताईंचा नवरा म्हणे.

सासूबाई अशा वेळी ताटात बघून जेवत. सासरे मात्र मान वर करून ऐकत, कारण खरं बोलणं हा त्यांचाही विषय होता. ते एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शाळा सुटली, पण पद काही सुटलं नव्हतं, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना हेडसर म्हणायची. उभ्या आयुष्यात हेडसर खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबाने "काय, कशी चाललीय शाळा?" असं सहज विचारलं, तर हेडसर म्हणाले, "वाईट." साहेब चहा न घेताच गेले.

घरकामात मात्र हेडसर शून्य. पाण्याचा पेला जिथे रिकामा होईल तिथेच तो राहायचा. स्वयंपाकघर सासूबाईंचं, आणि त्यातल्या त्यात भांडी तर फक्त त्यांचीच. "आई, भांड्यांना बाई ठेवू या," असं ताईंनी लग्नानंतर एकदा सुचवून पाहिलं होतं. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. सकाळी ताई आणि नवरा कामावर जात. दुपारचं जेवण दोघा म्हाताऱ्यांचं, दुपारची भांडी सासूबाईंची, आणि हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

एका सकाळी हेडसर खुर्चीतून उठले आणि त्यांनी दाराची चौकट धरली. ताईंनी नेमकं पाहिलं.

"बाबा, चक्कर आली?"

"आली. गेली."

बस! ताईंना तेवढं पुरे होतं. संध्याकाळी त्या हॉस्पिटलमधून होल्टर घेऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर निघण्याआधी, हेडसरांना लावायला बसल्या. होल्टर म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी. ती कमरेला अडकवायची, तिच्या वायरी छातीला चिकटवायच्या, आणि दिवसभर, रात्रभर हृदयाची प्रत्येक धडधड आत नोंदली जाते.

"छातीवरचे थोडे केस काढावे लागतील," ताई म्हणाल्या.

"कशाला? त्यांनी काय केलंय?"

"चिकटपट्टी बसत नाही, बाबा."

जेवणाच्या टेबलाशी ताईंनी सासऱ्यांची हजामत केली. नवऱ्याने वाटी धरली. हेडसर समोरच्या कॅलेंडरकडे बघत ताठ बसून राहिले.

"आता ऐका," ताई वायरी चिकटवून म्हणाल्या, "डबी भिजवायची नाही, आंघोळ करायची नाही. बाकी रोज जे करता ते सगळं करायचं."

"रोज करतो ते सगळं?"

"सगळं! नाहीतर उपयोग काय?"

हेडसरांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पदराशी चाळा करत आत गेल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी ताईंनी डबी सोडवली, कामावर नेली आणि कॉम्प्युटरला जोडली. सुरुवात छान होती. हेडसरांचं हृदय हेडसरांसारखंच, ओळीत, शिस्तीत. ताई मनातल्या मनात कौतुक करत पुढे पुढे सरकवत गेल्या. आणि दुपारच्या जेवणानंतरचा भाग पडद्यावर आला तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

रेघ पिसाळली होती! रुंद, उंच, वेड्यावाकड्या लाटा एकामागून एक उसळत होत्या. मध्येच शांत व्हायच्या, पुन्हा उसळायच्या. असल्या लाटांचा अर्थ ताईंना पाठ होता. हृदयाचा खालचा भाग आपल्याच नादाने धावत सुटतो, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस बोलता बोलता जातो. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या धूसर डोळ्यांनीच त्यांनी त्यातला सगळ्यात भयंकर तुकडा निवडला, छापला, आणि नवऱ्याला फोन लावला.

"ताबडतोब घरी जा! बाबांना आडवं कर! हलू देऊ नकोस! अँब्युलन्स पाठवते!"

नवरा मुळात घाबरट. तो धावत जिने चढून वर आला, तर सासूबाई देवळात गेलेल्या, आणि हेडसर बाहेर जायच्या कपड्यांत, दाराला कुलूप आहे की नाही ते ओढून बघत होते.

"बाबा, आडवे व्हा!"

"कुठे?"

"आहात तिथे!"

"जिन्यात?"

"बाबा, प्रश्न विचारू नका, तुमचं हृदय..." एवढं बोलून नवरा पायरीवर मटकन खाली बसला. पांढराफटक चेहरा, घामाने डबडबलेला शर्ट, छातीवर हात. हेडसर शेजारी काठीसारखे सरळ उभे. अशा वेळी अँब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि जो पेशंट दिसत होता त्याला उचललं!

"मी नाही! मी नाही!" नवरा ओरडला.

"सगळे असंच म्हणतात, साहेब. शांत पडा."

पट्टे आवळले गेले, तोंडावर मास्क बसला, त्यामुळे पुढचा खुलासा कुणालाच ऐकू आला नाही. हेडसर ड्रायव्हरशेजारी बसले. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला वळताना हात दाखवण्याचं महत्त्व समजावलं.

हॉस्पिटलच्या दारात ताई व्हीलचेअर घेऊन उभ्याच होत्या. अँब्युलन्सचं दार उघडलं आणि आतून बांधलेला नवरा बाहेर आला! ताईंनी किंकाळी फोडली. मागून हेडसर शांतपणे उतरले आणि म्हणाले, "याला आधी बघून घ्या. याची तब्येत बरी दिसत नाही."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण हेडसरांना अतिदक्षता विभागात पलंगावर झोपवलं, अंगावर हॉस्पिटलचा तो मागून बांधायचा झगा घातला, डोक्याशी पडदा लुकलुकायला लागला, तेव्हा ताईंना हसू येईना. एवढा मोठा माणूस त्या झग्यात अगदी लहान दिसत होता.

मोठे डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मधून हिरव्या कपड्यांतच आले. ताईंनी तुकडा पुढे केला. डॉक्टरांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि मग हेडसरांच्या पलंगाशी बसले.

"सर, काल दुपारी जेवणानंतर काय करत होतात?"

हेडसरांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"विचारायचं कारण असं, की हात जोरजोरात हलत असले तर चिकटवलेल्या पट्ट्या ओढल्या जातात आणि रेघ अशीच खोटी येते. मग काळजीचं काही नसतं. पण तुम्ही स्वस्थ असताना हे झालं असेल तर मात्र गंभीर आहे. उद्या सकाळी हृदयाच्या नळ्या तपासाव्या लागतील. आणि गरज पडली तर छातीला छेद देऊन, कातडीखाली शॉक देणारं यंत्र बसवावं लागेल. म्हणून नीट आठवून सांगा."

हेडसरांनी छताकडे पाहिलं.

"पडून होतो," ते म्हणाले.

त्यांचे कान लाल झाले. ताईंनी ते पाहिलं आणि रक्तदाब वाढला असं समजून सिस्टरला खूण केली.

"नक्की?" डॉक्टरांनी दारात थांबून ताईंना विचारलं.

"सर," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "एक वेळ मशीन चुकेल. पण हे खोटं बोलणार नाहीत. त्यांची खात्री मी देते!"

झालं! ताईंनी स्वतःच्या तोंडाने सासऱ्यांची छाती उद्याच्या यादीत घातली. हेडसरांनी संमतीचा कागद चष्मा लावून वाचला, त्यातल्या दोन वाक्यांखाली रेघ मारली आणि सही केली. मग ताईंना जवळ बोलावलं.

"यात माणूस जातो का गं?"

"क्वचित, बाबा. अगदी क्वचित."

"हं. मी नसलो तर हिला दुपारची एकटी ठेवू नका. सकाळी चालेल, संध्याकाळी तुम्ही असता. दुपारची नको."

ताईंना हुंदका आवरेना. ही निरवानिरवीची भाषा त्यांनी त्या पलंगांवर पुष्कळदा ऐकली होती, पण तेव्हा बोलणारा माणूस परका होता. त्यांनी सासऱ्यांचा हात धरला. लग्नानंतर पाया पडणं आणि या वायरी लावणं सोडलं तर त्यांचा हात सासऱ्यांना कधी लागला नव्हता. हेडसरांनी तो सोडवला नाही.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली तेव्हा सासूबाई आल्या. त्यांना कुणी धड काही सांगितलं नव्हतं. 'थोडी तपासणी आहे' एवढंच ताईंच्या नवऱ्याने फोनवर म्हटलं होतं, आणि तेसुद्धा मास्क काढल्यावर. त्या सूपचा डबा घेऊन आल्या होत्या, फिरकीच्या झाकणाचा. डबा त्यांनी बोटांत न धरता, कोपराच्या बेचक्यात बाळासारखा धरला होता. नवरा पायथ्याशी उभा, ताई उशाशी उभ्या.

"गरम आहे तोवर घ्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झाकणाला हात घातला. झाकण हलेना. त्यांनी तळव्याने दाबून पाहिलं, पदर गुंडाळून पाहिलं.

"शेजारीण फार घट्ट लावते," त्या पुटपुटल्या.

"दे इकडे," हेडसर म्हणाले आणि ताईंनी "बाबा, नको!" म्हणेपर्यंत उठून बसले. डबा पोटाशी घट्ट धरला, दात आवळले आणि झाकणाला हिसके द्यायला सुरुवात केली.

ठ्यांव! ठ्यांव! ठ्यांव!

डोक्याशी यंत्र ओरडायला लागलं, लाल दिवा पेटला. पडद्यावर त्याच लाटा, त्याच उसळ्या! सिस्टर धावत आली. तिच्यामागे दुसरी सिस्टर, तिच्यामागे ज्युनिअर डॉक्टर, त्याच्यामागे शॉक द्यायची गाडी. शेजारच्या पलंगावरचा पेशंट देवाचं नाव घ्यायला लागला. नवरा पुन्हा खाली बसला. ज्युनिअर डॉक्टरने दोन्ही हातांत शॉकचे पॅड उचलले आणि पलंगाकडे झेप घेतली.

"तुम्हाला कोण हवंय?" हेडसरांनी विचारलं. त्यांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात झाकण.

सगळे थिजले. ठ्यांव ठ्यांव थांबलं. पडद्यावरची रेघ पुन्हा ओळीत चालायला लागली. ताई त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी बटण दाबून मघाचा तुकडा मागे आणला आणि डोळे कोरडे करून पाहिला. सगळ्या धिंगाण्यात, लाटांच्या मधून, नेहमीचे टोकदार ठोके सारख्या अंतराने चालले होते. वर्गात दंगा चालू असताना पाठमोरा फळ्यावर लिहीत राहणाऱ्या मास्तरासारखे! हेच शोधायचं असतं, हे ताई नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवत. आणि स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळी त्यांनी नेमकं तेच पाहिलं नव्हतं.

"बाबा," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "काल दुपारी तुम्ही पडून नव्हतात."

हेडसर सूपमध्ये बघत राहिले.

"हात हलवत होतात. जोरजोरात. काय करत होतात?"

"पडून होतो म्हणून सांगितलंय मी."

"काय चाललंय हे?" सासूबाईंनी विचारलं. "दुपारचं काय?"

"आई, बाबा दुपारी पडून होते असं म्हणतात. त्यावरून उद्या त्यांची छाती कापायची ठरलीय."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. पण सासूबाई कुणाच्या डोळ्यांना जुमानणाऱ्या नव्हत्या.

"भांडी घासत होते," त्या म्हणाल्या.

"कोण?" नवऱ्याने जमिनीवरूनच विचारलं.

"हे. करपलेलं पातेलं होतं. बराच वेळ घासत होते."

पातेलं! अँब्युलन्स, मास्क, संमतीचा कागद, शॉकची गाडी, हे सगळं एका करपलेल्या पातेल्यापायी! ज्युनिअर डॉक्टरने हातातले पॅड हळूच जागेवर ठेवले. पण ताईंना हसू फुटलं नाही, कारण सासूबाई रडत होत्या.

"माझे हात चालत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "बोटांना मुंग्या येतात, पकड सुटते. कप फुटायला लागले. हे बाजारातून तसलेच कप आणून ठेवायचे, म्हणजे तुम्हाला कळू नये. मग एक दिवस म्हणाले, तू बस, रात्रीची भांडीसुद्धा ठेवून दे, दुपारी सगळी मी करतो. मीच शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"पण का, आई? मी हॉस्पिटलातच कामाला आहे ना!"

"म्हणूनच. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं. आधी हात गेले, मग पाय, मग अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. तुला सांगितलं असतं तर तू वायरी लावल्या असत्यास. आणि रोज जेवताना तूच सांगतेस, की पट्टीवर सगळं बाहेर येतं. मला नको होतं ते बाहेर यायला."

ताईंची जन्मभराची बडबड तिथल्या तिथे बंद पडली. समोर बसलेल्या बाईच्या हातांतलं बळ आपल्या नाकासमोर गेलं आणि आपण तिलाच हृदयाच्या खऱ्याखोट्याच्या गोष्टी ऐकवत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बोटं गार होती.

"बाबा, आणि तुम्ही?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "डॉक्टरांनी एवढं समजावून सांगितलं. तरी छाती कापून घेतली असतीत?"

"शब्द दिला होता."

"खोटं बोललात! आयुष्यात पहिल्यांदा!"

"दुसऱ्यांदा," हेडसर म्हणाले. "लग्न ठरवताना हिच्या वडिलांनी विचारलं होतं, संसारात हातभार लावाल ना? मी हो म्हणालो होतो."

मोठे डॉक्टर आले, त्यांनी अख्खी नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि ताईंकडे एकदाच पाहिलं. त्या बघण्यात सगळं आलं. हेडसरांचं हृदय ठणठणीत निघालं. चक्कर रक्तदाबाच्या गोळीने येत होती, ती गोळी अर्धी केली. उद्याच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "सरांना घरी न्या. आणि आईंना पहिल्या मजल्यावर दाखवा."

पहिल्या मजल्यावर नसांची तपासणी होती. दुसऱ्या दिवशी सगळे तिथे गेले. तिथेही वायरीच होत्या, पण त्या लावणारी बाई दुसरी होती. ताई नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. सासूबाई पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. मनगटाला बारीक झटका बसला की त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची. हेडसर दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. आपल्या छातीची पाळी होती तेव्हा ते छताकडे बघत स्वस्थ पडले होते, आणि आता त्यांना दोन मिनिटं एका जागी उभं राहवेना. नवरा खुर्चीत बसला होता, कारण घरून निघतानाच सगळ्यांनी त्याला बसायचं बजावलं होतं.

नसांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"मनगटात नस दबलीय," ते म्हणाले. "दोन्ही हातांची. मनगटाशी छोटं ऑपरेशन करायचं, नस मोकळी करायची. त्याच दिवशी घरी. काही आठवड्यांत हात कामाला लागतील."

"बहिणीसारखं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"पाय जाणार नाहीत?"

"पायांना काय झालंय? चांगल्या चालत आलात की!"

सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही. हेडसरांनी खिशातला रुमाल काढला आणि चारचौघांच्या देखत, डॉक्टरांच्या समोर, बायकोचे डोळे पुसले. नवऱ्याने तोंड फिरवलं. ताईंनी डोळ्याला पदर लावला.

मग सासूबाईंनी नाक ओढलं आणि हेडसरांकडे वळून पाहिलं.

"म्हणजे इतके महिने मी तुम्ही घासलेल्या ताटात जेवले, ते उगीचच?"

"म्हणजे?"

"कडेला खरकटं तसंच असायचं. तळाला साबण. रोज डोळे मिटून पहिला घास घ्यायची मी!"

हेडसरांचा चेहरा पाहवेना. जन्मभर दुसऱ्यांना शेरे देणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचा निकाल हातात मिळाला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सोडलं असतंत ना," सासूबाई म्हणाल्या.

हेडसरांनी रुमालाची घडी घातली. ती नीट जमली नाही म्हणून पुन्हा घातली. मग घसा साफ करून त्यांनी डॉक्टरांना ऑपरेशनची सगळ्यात जवळची तारीख मागितली.